सुईदोऱ्याची सोयरीक

मुलांनो, तुमच्या घरात वाकळ आहे का? पुण्याकडं तिला गोधडी म्हणतात. आमच्याकडं, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात किल्लारीच्या भागात, वाकळच म्हणतात. रजई वेगळी बरं का! रजईत कापूस असतो आणि ती गादीवाला भरून देतो. वाकळ घरातल्याच बायका शिवतात, घरातल्याच जुन्या कापडांची.

आज मला तुम्हाला या वाकळीची हकिकत सांगायची आहे. पण सांगता सांगता आपल्याला जरा लांबवर जाऊन यावं लागेल. किल्लारीहून कर्नाटकातल्या जंगलात, आणि तिथून समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत. तुम्ही म्हणाल, 'कुठं किल्लारी आणि कुठं आफ्रिका! यांचा एकमेकांशी काय संबंध?' संबंध आहे. सुईदोऱ्यानं जोडलेली ती एक सोयरीकच आहे. कशी, ते बघा.

आजीची शाळा

माझी आजी शाळेत कधी गेली नाही. पण वाकळ भरण्यात तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली, की ती वर्षभर साठवलेलं गाठोडं सोडायची. फाटकी लुगडी, धोतरं, सदरे, आमच्या लहानपणीची झबली, सगळं त्यात असायचं. कापडं धुऊन, कडक वाळवून, शिवणी उसवून ती सरळ करायची. मग ओसरीवर एक अख्खं लुगडं अंथरायचं. त्यावर जुन्या कापडांचे थर. सगळ्यात वर रंगीत तुकडे. चारी बाजूंनी ताणून कोपऱ्यांवर वजनं ठेवली, की शिवायला सुरुवात.

टाका साधाच, धावदोऱ्याचा. तो तर तुम्हालाही येत असेल. पण गंमत त्याच्या वाटेत आहे. आजीचा दोरा कडेनं निघायचा, वाकळीला पूर्ण वेढा घालायचा, मग बोटभर आत सरकून दुसरा वेढा, मग तिसरा. असा फिरत फिरत तो अगदी मध्याला येऊन थांबायचा. हे एकटीचं काम नव्हे. शेजारच्या दोघी-तिघी दुपारी येऊन बसायच्या. एकेकीनं एकेक बाजू धरायची, आणि शिवता शिवता गावभरच्या गप्पा नाही तर ओव्या. आजीजवळ ना पट्टी होती, ना पेन्सिल. तरी तिचे चौकोन चौकोन असायचे आणि त्रिकोण त्रिकोण! पुढं मी चित्रकलेचा शिक्षक झालो, तेव्हा भूमितीची मांडणी मला पुस्तकातून शिकावी लागली. आजीला ती बोटांनीच येत होती.

रात्री वाकळ अंगावर घेतली, की आम्हा भावंडांचा एक खेळ चालायचा. 'हा तुकडा कुणाचा?' हा आजोबांच्या धोतराचा. हा आत्याच्या परकराचा. हा माझ्या पहिल्या सदऱ्याचा. खेळता खेळता झोप लागायची. अख्खं घरच अंगावर पांघरल्यासारखं वाटायचं.

भिंतीवर उमटलेली बोटं

आजीची दुसरी कला भिंतीवरची. जुन्या किल्लारीतली घरं काळ्या दगडांची. दगडावर दगड ठेवायचा आणि मधे चिखल भरायचा. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. वर लाकडी खण, आणि त्यावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात घर कसं थंडगार!

दसरा-दिवाळी जवळ आली, की बायका घर पोतारायला काढायच्या. पांढरी माती भिजवायची, फडक्यानं भिंतीवर ओढायची. खालच्या बाजूला शेणमातीचा पट्टा. तो ओला असतानाच आजी चार बोटं टेकवून कमानीसारखी फिरवायची. एका कमानीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. वाळल्यावर ती रेघांची वेल उठून दिसायची. कुणी तिला कला म्हणत नसे. 'पोतारलं' एवढंच म्हणायचे.

पुढं लातूरला चित्रकला शिकत असताना ग्रंथालयात एक जाडजूड चित्रांचं पुस्तक हाती आलं. एका पानावर मातीची भिंत होती आणि तिच्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा. मला वाटलं, हे आपल्याकडचंच कुठलं तरी गाव! खालचं नाव वाचलं तर काय? लेसोथो!

लेसोथो हा चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला छोटा, डोंगराळ देश. तिथले लोक म्हणजे बासोथो. बासोथो बायका मातीच्या घरांवर बोटांनी, कधी काट्या-चमच्यातल्या काट्यानं रेघा ओढतात. या कलेला 'लिटेमा' म्हणतात. हा शब्द नांगरटीशी नातं सांगणारा आहे. भिंतीवरच्या रेघा म्हणजे शेतातले तास! एका चौकात उभ्या रेघा, शेजारच्या चौकात आडव्या. नांगरून ठेवलेलं रान दिसावं, तशी भिंत दिसते. रंगही मातीतलेच. पाऊस आला की ते धुऊन जातात, आणि त्याचं त्या बायकांना वाईट वाटत नाही. पाऊस आला म्हणजे पूर्वजांनी प्रार्थना ऐकली, असं त्या मानतात. पाऊस सरला की पुन्हा नवी रेघ.

मी ते पान किती तरी वेळ बघत बसलो. कारण तोपर्यंत आमची भिंत उरलेली नव्हती.

ती पहाट

३० सप्टेंबर १९९३. तुमच्यापैकी कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण तुमच्या आईबाबांना ही तारीख नक्की आठवत असेल. आदल्या दिवशी गावोगाव गणपती विसर्जन झालं होतं. दमून भागून सगळे झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं ढिगारा होऊन बसली. सरकारी आकड्यांनुसार जवळजवळ ८ हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यात आमची किल्लारीही होती.

घरं अशी का कोसळली? भिंती जाड होत्या, पण आतले दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. आरपार जाणारा दगड नाही, भोवती बांधून धरणारा पट्टा नाही, मधे नुसता चिखल. वर टनावारी मातीचं माळवद. हादरा बसला तशा भिंती सुटल्या आणि माळवद खाली आलं. ज्या भिंती बायकांनी वर्षानुवर्षं हातानं पोतारल्या, त्याच अंगावर आल्या. घर देखणं असून भागत नाही मुलांनो, ते मजबूतही असावं लागतं. हे आमच्या भागानं फार मोठी किंमत देऊन शिकलं.

मी तेव्हा चौथीत होतो. आमच्या घरातली दोन माणसं गेली. माझी चुलती आणि तिचा मुलगा. तो माझ्याच वर्गात होता. जास्त काही सांगत नाही. आम्ही बाकीचे वाचलो. आजीही वाचली.

मग पत्र्याच्या शेडमधले दिवस सुरू झाले. देशातून, परदेशातून मदत आली. ब्लँकेटं तर इतकी आली, की एकेका घरात थप्पी लागली. थंडी त्या ब्लँकेटांनी भागली असती. तरी आजी एक दिवस ढिगाऱ्यावर गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. मातीनं माखलेलं. चुलतीची दोन लुगडी, माझ्या भावाची शाळेची चड्डी, त्याचा पांढरा सदरा, असं काय काय त्यात होतं.

शेजारची एक बाई म्हणाली, ''म्हातारे, गेलेल्या माणसायची कापडं घरात ठेवू नयेत. देऊन टाक कुणाला तरी.''

आजी म्हणाली, ''देऊ कुणाला? माझ्याच लेकरायची हायती.''

तिनं ती कापडं धुतली. एकदा नाही, चार-चारदा. पाण्यातून माती निघतच राहायची. मग शेडच्या दारात बसून तिनं वाकळ धरली. हळूहळू शेजारणी येऊन बसल्या. पहिली बोललेली बाईसुद्धा आली, आणि येताना स्वतःच्या घरातला एक सदरा घेऊन आली. त्या हिवाळ्यात आमच्या ओळीतल्या शेडांमधून अशा किती तरी वाकळा शिवल्या गेल्या. ओव्या मात्र त्या वर्षी कुणी म्हटल्या नाहीत. सुईचा आवाज तेवढा यायचा.

ती वाकळ आजही आमच्या घरी आहे. एका कोपऱ्यात शाळेच्या खाकी चड्डीचा त्रिकोणी तुकडा आहे. 'हा तुकडा कुणाचा?' असं आम्ही त्या तुकड्याबद्दल एकमेकांना विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

फूल नसलेली वाकळ

आता कर्नाटकात जाऊ या. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड हे तालुके आहेत. दाट जंगल. तिथं सिद्दी लोकांची वस्ती आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीचं नाव तुम्ही इतिहासात वाचलं असेल. हे लोकही मूळचे आफ्रिकेतलेच. त्यांच्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गुलाम म्हणून जहाजातून गोव्यात आणलं. छळाला कंटाळून अनेक जण पळाले, घाट चढले आणि या जंगलात शिरले. तिथंच त्यांनी घरं केली, शेती केली. आज कुणी कोकणी बोलतं, कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी उर्दू. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे आहेत. आणि बहुतेक घरांत एक वस्तू सारखी असते. ती म्हणजे 'कवंडी'.

कवंडी म्हणजे त्यांची वाकळच! जुन्या साडीवर जुन्या कापडांचे तुकडे. पण त्यांची पद्धत जरा वेगळी आहे. सिद्दी बायका आधी सगळे तुकडे मांडून ठेवत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, एक तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, शिवायचा. त्याला लागून दुसरा. असं कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत. पुढचा तुकडा कोणता, हे हात तिथं पोचल्यावर ठरतं. म्हणून दोन कवंड्या कधी सारख्या होत नाहीत. लाल, पिवळे, निळे, हिरवे रंग असे एकमेकांना भिडतात, की बघतच राहावं!

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझा एक शिक्षक मित्र तिकडं गेलो होतो. प्रवासात मी नेहमी एक छोटी वाकळ बरोबर ठेवतो. एका सिद्दी आजींनी ती बघितली आणि हातात घेतली. आधी काय केलं असेल, सांगा बघू? त्यांनी ती उलटी केली! मागचे टाके बघितले. चांगलं शिवणारी बाई दुसरीचं काम नेहमी मागच्या बाजूनं तपासते. माझी आजीही तसंच करायची. मग त्यांनी चारी कोपरे चाचपले आणि विचारलं, ''फूल कुठं आहे?''

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी आपली कवंडी दाखवली. तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली छोटी, टोकदार फुलं शिवलेली होती. त्या म्हणाल्या, ''फूल नाही म्हणजे ही नागडीच की!'' आणि मोठ्यानं हसल्या. आम्हीही हसलो.

पण मला राहून राहून वाटत होतं, यांच्या पूर्वजांकडून सगळं काढून घेतलं होतं. देश, गाव, नावं, भाषासुद्धा. जहाजातून येताना हातात काय होतं? काही नाही. आणि तरी जंगलात वसल्यावर त्यांच्या लेकीसुनांनी चिंध्यांतून असं काही केलं, की ते बघताक्षणी कुणीही म्हणावं, 'ही सिद्दी बाईच्या हातची कवंडी.' त्यातलं आफ्रिकेतून आलेलं किती आणि इथं शिकलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही. वाकळीतले थर उसवल्याशिवाय वेगळे होतात का? तसंच ते.

मागच्या भिंतीवरची मुलगी

आता समुद्र ओलांडू. दक्षिण आफ्रिकेत न्डेबेले नावाचे लोक आहेत. त्यांची भिंतीवरची चित्रं जगात गाजली आहेत. पांढऱ्या भिंतीवर काळ्या जाड रेघा, आणि त्यांच्यात निळा, पिवळा, लाल, हिरवा असे झगझगीत रंग. त्रिकोण, पायऱ्या, चौकोन. डावी बाजू जशी, तशीच उजवी. तुम्हाला आपल्या रांगोळीची आठवण येईल.

या चित्रांमागंही एक मोठं दुःख आहे. १८८२-८३ मध्ये न्डेबेले आणि गोरे बोअर यांची लढाई झाली. न्डेबेल्यांचा राजा न्याबेला हरला. बोअरांनी त्यांची जमीन काढून घेतली आणि माणसं आपापल्या शेतांवर वेठबिगार म्हणून वाटून टाकली. एका गावचे लोक दहा ठिकाणी गेले. आपण कोण, हे विसरून जावं अशीच ती वेळ. त्यानंतरच्या काळात न्डेबेले बायकांच्या हातून या भिंती रंगू लागल्या. लांबून घर दिसलं, की कळायचं, 'इथं आपलं माणूस राहतं.'

एस्थर माहलांगू हे नाव लक्षात ठेवा. त्यांचा जन्म १९३५ चा. दहा वर्षांच्या असताना त्या आई आणि आजीकडून चित्रं काढायला शिकल्या. आई-आजी रंगवता रंगवता दुपारी विसाव्याला गेल्या, की ही पोर हळूच ब्रश उचलायची आणि पुढचं रंगवायची. त्या परत येऊन बघतात तर रेघ वाकडी! मग रागावून त्यांनी तिला सांगितलं, 'तू घराच्या मागच्या भिंतीवर काढ, पुढं येऊ नको.' एस्थर रोज मागच्या भिंतीवर काढत राहिली. हळूहळू रेघ सुधारली. शेवटी एके दिवशी तिला पुढच्या भिंतीवर बोलावलं गेलं!

पुढं काय झालं ठाऊक आहे? १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांनी काम केलं. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीची एक अख्खी मोटार त्यांनी न्डेबेले नक्षीनं रंगवली. या कंपनीसाठी अशी मोटार रंगवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री-चित्रकार. आणि ब्रश कसला? कोंबडीच्या पिसांचा! पट्टी नाही, आधी आखणी नाही. माझ्या वर्गात कुणी 'सर, माझी रेघ सरळ येत नाही' म्हणून रडवेलं झालं, की मी त्याला मागच्या भिंतीवरच्या या मुलीची गोष्ट सांगतो.

मण्यांची जुनी देवघेव

न्डेबेले, झुलू, खोसा या सगळ्यांकडं मण्यांचं काम फार सुंदर असतं. बारीक काचमण्यांचे पट्टे, माळा, बाहुल्या. आणि इथंच आपली सोयरीक आणखी जुनी निघते.

शेकडो वर्षं भारताच्या किनाऱ्यावरून कापड आणि मणी आफ्रिकेकडं जात होते, आणि तिकडून सोनं, हस्तिदंत येत होतं. आपल्या रायगड जिल्ह्यातलं चौल हे एक जुनं बंदर. तिथं सापडलेली काच आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेले काही मणी यांची तपासणी शास्त्रज्ञांनी केली, तेव्हा काच एकाच जातीची निघाली. आमच्या तेरणा नदीच्याच काठी वरच्या अंगाला तेर हे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं तगर, आणि परदेशी व्यापाऱ्यांना ते ठाऊक होतं. तेरच्या सरकारी संग्रहालयात तुम्ही गेलात, तर जुने मणी आणि एक हस्तिदंती बाहुली बघायला विसरू नका.

आमच्या मराठवाड्यातल्या बंजारा तांड्यांवरही ही देवघेव दिसते. म्हाताऱ्या बायकांचे फेटिया आणि कांचळी बघा. आरसे, नाणी, आणि जागोजाग शिवलेल्या पांढऱ्या कवड्या. किल्लारीला समुद्र कुठं आहे? पण कवडी समुद्रातलीच. मालदीवसारख्या बेटांवरून निघून ती भारतात पसरली आणि आफ्रिकेतही. दोन्हीकडं तिचं नाणं झालं, दोन्हीकडं दागिना झाला. पूर्वी बांगड्यांसाठी लागणारं हस्तिदंत आफ्रिकेतून फार येई. पण त्यासाठी हत्ती मारले जात. म्हणून १९८९ साली जगातल्या देशांनी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरवलं. आता बांगडी प्लॅस्टिकची असते. हत्तीचा जीव वाचतो, बांगडीची शोभाही राहते.

आणि झुलूंची एक युक्ती तर तुम्हाला फारच आवडेल. मडक्यावर झाकायची 'इंबेंगे' नावाची गोल झाकणं ते पूर्वी गवताची विणत. मग शहरात रात्रपाळी करणाऱ्या पहारेकऱ्यांच्या हाती टेलिफोनच्या टाकाऊ तारा आल्या. आत तांबं, वर लाल-पिवळं-निळं प्लॅस्टिक. त्या तारा ते काठ्यांवर गुंडाळू लागले, आणि मग त्यांचीच झाकणं नि ताटल्या विणू लागले. भोवऱ्यासारखी फिरत जाणारी नक्षी! आज त्या ताटल्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात, ते हेच.

आज्यांचं मोठं चित्र

आता शेवटची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात केइस्कामा नदी समुद्राला मिळते. तिथं हॅम्बर्ग नावाचं छोटं खोसा गाव आहे. हाताला काम नाही, घरोघरी गरिबी. त्यात एड्सची साथ आली. तरणीताठी माणसं गेली. लहान लेकरं आज्यांच्या पदरात पडली.

२००० साली कॅरल हॉफमायर या चित्रकार असलेल्या डॉक्टर बाईंनी तिथं भरतकामाचा उपक्रम सुरू केला. गावच्या बायकांनी सुई हातात घेतली. आधी त्यांनी आपल्या मुलखाचा इतिहास सांगणारा एक पट भरला. त्याची लांबी १२० मीटर! तो पुढं देशाच्या संसदेत लावला गेला. मग २००५ मध्ये सुमारे १३० जणांनी, त्यातही बहुतेक बायकांनी, आणखी एक मोठं काम केलं. जुन्या युरोपीय चर्चमध्ये दारांसारखी उघडणारी चित्रं असतात, तसं. पण त्यावर संतांच्या जागी गावातली माणसं. बंद असताना मधोमध दिसते शोक करणारी एक विधवा. दारं उघडत उघडत अगदी आत गेलं, की तिथं तीन खऱ्याखुऱ्या आज्यांची मोठी छायाचित्रं आहेत, आपापल्या नातवंडांना जवळ घेतलेली.

त्या आज्यांचे चेहरे मी पुस्तकातच पाहिले आहेत. तरी ते मला ओळखीचे वाटले. आमच्या पत्र्याच्या शेडच्या दारात बसलेल्या बायकांचे चेहरे असेच होते. त्यांना कुणी 'रडू नका' म्हटलं नाही, की मोठं भाषण दिलं नाही. सुई हातात होती. एक टाका, मग दुसरा टाका. हाताला काम मिळालं, की माणूस बसल्या जागी सावरत जातो. आणि ज्याच्यासाठी आपण टाके घालतो, तो माणूस पूर्ण गेला असं राहत नाही.

तुमच्यासाठी एक काम

आज नवी किल्लारी सिमेंटची आहे. भिंती पोताराव्या लागत नाहीत, आणि ते बरंच आहे. आजी आता नाही. तिची भिंत तर केव्हाच गेली. पण तिचा टाका माझ्या आईला येतो, मला येतो, आणि आता माझ्या मुलीलाही येतो. ती सातवीत आहे. मागच्या उन्हाळ्यात तिनं पहिली छोटी वाकळ भरली. टाके जरा लांबच पडलेत. मी काही बोललो नाही. पण सिद्दी आजींची गोष्ट ऐकल्यापासून तिनं हट्ट धरला होता, म्हणून वाकळीच्या चारी कोपऱ्यांवर फुलं आहेत! किल्लारीच्या वाकळीला आफ्रिकेकडची फुलं. सोयरीक म्हणतात ती अशी पुढं जाते.

तुम्हीही या सुट्टीत एक काम करा. घरात जुनी वाकळ असेल, तर आजीला नाही तर आईला जवळ बसवून विचारा, 'हा तुकडा कुणाचा? आणि हा?' एका कागदावर वाकळीचं चित्र काढा आणि प्रत्येक तुकड्याशेजारी नाव लिहा. वाकळ नसेल, तर तुमचा आखूड झालेला सदरा टाकून देऊ नका. त्याचा चौकोन कापा, शेजारच्या मित्राच्या सदऱ्याचा एक मागून घ्या, आणि दोन्ही जोडा. मुलग्यांनो, हे मुलींचं काम म्हणून लांब पळू नका! मीही शिवतो.

आणि आईबाबांनो, मुलांच्या हातात सुई देताना 'टोचेल' म्हणून घाबरू नका. जरा टोचेल. पण एकदा टाका बोटांत बसला, की तो कुठल्याही ढिगाऱ्याखाली गाडला जात नाही.